बाईंचा पत्ता

मेश्रामबाईंना वर्गात खुर्चीवर बसलेलं जिनं पाहिलं असेल तिनं हात वर करावा. आमच्या वर्गातल्या ज्या काही जणी अजून शिल्लक आहोत, त्यांतल्या एकीचाही हात वर होणार नाही. (आता खांदे दुखतात म्हणूनही होणार नाही, पण ते सोडा.) बाई मराठी शिकवायच्या आणि चालायच्या. फळ्यापासून खिडकी, खिडकीपासून दार, दारातून बाहेर एक नजर, पुन्हा फळा. कवितेला चाल जरा मंद असे, व्याकरणाला भरभर. हातातला खडू बोटांत असा फिरत राही की तास संपेपर्यंत त्याचं पीठ होऊन साडीच्या काठावर सांडलेलं असे. आमच्या माना त्यांच्यामागे इकडून तिकडे. शनिवारपर्यंत मानेत तेल सोडावं असं वाटायचं.

खिडकीशी गेल्या की रस्त्याकडे बघत. कुणाची वाट बघणारी नजर नव्हती ती. कुणी येत तर नाही ना, अशी होती.

उंच, काटकुळ्या, जाड भिंगांचा चष्मा, पायात पुरुषी चपला. "ह्याच्यात चालता येते," असं त्याचं कारण त्या देत. शाळा सुटली की रोज वेगळ्या गल्लीनं घरी जात. एकदा कुंदानं आणि मी ठरवलं की बाई राहतात कुठं ते आज बघायचंच. आम्ही दोघी हेरगिरीत तयार, म्हणजे तशी आमची समजूत. मी तर तोंडावर ओढणी घेतली होती, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक माणूस वळून माझ्याकडेच बघत होता. बाईंनी आम्हाला नागपूरच्या महाल भागातल्या बोळाबोळांतून फिरवलं, भांड्यांच्या दुकानांपुढून नेलं, एका देवळाला वळसा घालून आणलं, आणि दमून बघतो तर समोर आमच्याच शाळेचं फाटक. बाई मागे वळल्या. "झालं फिरून? आता घरी जा वं पोरीहो. माय वाट पाहत असन."

वर्गात त्या छापील मराठी बोलत. असं काही झालं की मग नागपूर बाहेर येई.

हे सगळं आठवायला निमित्त झाली माझी नात. ती शाळेत ब्लॉग लिहिते. परवा तिनं माझ्यावर लिहिलं. कौतुकानंच लिहिलं, पण काय काय! आजी दुपारभर एकटी असते, आजीला डाव्या कानानं ऐकू येत नाही, आजी दाराला कडी लावत नाही कारण उठून उघडायचा कंटाळा. मी म्हटलं, "बाळे, पाटल्या कोणत्या डब्यात आहेत तेवढं कशाला राहू दिलंस?" तर म्हणते, "आजी, कोण वाचणार आहे? माझ्या मैत्रिणीच वाचतात."

कोण वाचणार आहे! हेच वाक्य सत्तर सालच्या आसपास, दोन वेण्या वर बांधलेल्या आणि स्वतःला भावी महान लेखिका समजणाऱ्या एका कार्टीनं मेश्रामबाईंच्या तोंडावर फेकलं होतं. ती कार्टी मी.

आमच्या शाळेत भित्तिपत्रक निघायचं. नाव 'कवडसा'. इतर शाळांत ते आतल्या भिंतीवर असतं. आमच्या आतल्या भिंतीला ओल होती, म्हणून काचेची पेटी फाटकाला बाहेरून ठोकली होती, रस्त्याच्या बाजूनं. समोर गुलाबभाऊचा पानठेला आणि ठेल्याला लागून उमरेडच्या बसचा थांबा. बस वेळेवर येत नसे. त्यामुळे 'कवडसा'ला जेवढे वाचक होते तेवढे शहरातल्या कुठल्या साप्ताहिकाला असतील असं मला वाटत नाही. कोष्टी वाचत, खाणीतले मजूर वाचत, कॉलेजची टवाळ पोरं वाचत, बकरी घेऊन उभा असलेला माणूस वाचे, आणि कधी लक्ष नसलं तर बकरी कोपरा चाटे.

पत्रकाच्या संपादक बाई. त्यांची एक रीत होती. लेख आधी त्यांनी वाचायचा, मग लिहिणारीचा दंड धरून तिला रस्त्यापलीकडे ठेल्यावर न्यायचं. स्वतःच्या आईसाठी पान बांधायला सांगायचं आणि म्हणायचं, "वाच." तिथं जो कोणी उभा असेल त्याच्यासमोर मोठ्यानं वाचायचं. जे तिथं वाचताना घसा कोरडा पडत नाही ते पेटीत लागणार. आम्ही हिला ठेल्याची परीक्षा म्हणत असू. मॅट्रिक तिच्यापुढे काहीच नव्हती.

माझा लेख होता 'आमचे चिमुकले घर'. तपशील हा लेखनाचा प्राण असतो असं मी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून मी तपशिलांची गोणीच ओतली होती. बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "हे रस्त्यावर लावायचं?"

"बाई, कोण वाचणार आहे!"

"चल."

ठेल्यावर त्या दिवशी पागोटेवाले एक आजोबा, कॉलेजची दोन पोरं आणि गुलाबभाऊ. मी आवाजात कंप वगैरे आणून वाचला. संपल्यावर टाळ्या येतील म्हणून थांबले. बाईंनी आजोबांना विचारलं, "सांगा जी बाबा, ही पोरगी राहते कुठं?"

"शाळेच्या मांगच्या गल्लीत. हिरवं दार. दारात पारिजातक हाय."

"बाबा पोस्टात आहेत," एक पोरगा म्हणाला. "दिवे लागल्यावर येतात."

"आन् माय दुपारी झोपते," गुलाबभाऊ चुना लावत म्हणाला. "बँडबाजा वाजवला तरी उठत नाही म्हणते."

"चाबी तुळशीच्या कुंडीखाली असते," आजोबांनी पूर्ण केलं, आणि माझ्याकडे फार कीव येऊन बघितलं. "बाई, आसं नको सांगू वं कोनाले."

मी रडायलाच लागले. बाई तोवर ठेल्याभोवती एक फेरी मारून आल्या होत्या. "आता घरी जा. आधी चाबी हलव. मग पुन्हा लिहायला बस. मन लिही, मुक्काम लिहू नको."

हे त्यांचं वाक्य. आम्ही सगळ्यांनी ते पाठ केलं, आणि समजलं असं धरून चाललो.

मी रडत रडत घरी गेले. गुलाबभाऊनं दिलेलं मीठा पान मात्र खात गेले. दुःखासाठी पान टाकायची सवय मला तेव्हाही नव्हती. चावी हलवली. दुसऱ्यांदा लिहिलं ते फक्त आईच्या हाताबद्दल. झोपेतही तिची बोटं मधूनच हलतात, जणू तांदूळ निवडून राहिली आहे, एवढंच. ते लागलं. आठवड्याभरानं एक खाणमजूर पेटीसमोर उभा राहून ते वाचताना दिसला. ओठ हलवत, एकेक शब्द जोडत. बस आली, कंडक्टर ओरडला, आणि शेवटची ओळ संपेपर्यंत तो हलला नाही. बाई खिडकीतून हे बघत होत्या. तेवढ्यापुरता खडू थांबला होता.

बाई मुलींना गप्प बसवायच्या असं कुणी समजू नये. एका मुलीनं लिहिलं होतं की मैत्रिणीच्या घरी चहा मिळतो, पण तिचा कप वेगळा असतो, बाहेरच्या खिडकीत पालथा ठेवलेला. नाव नाही, गल्ली नाही, मैत्रिणीचं नाव नाही. ठेल्यावर वाचताना त्या मुलीचा आवाज एकदाही फाटला नाही. पेटीत लागल्यावर गावात बरीच कुजबूज झाली. प्रत्येक घराला तो कप आपलाच वाटला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मेश्रामबाईंना बोलावलं. मी तेव्हा तिथं शाई मागायला गेले होते. (शाई भरपूर होती. कान द्यायला गेले होते.)

"लिहिणारीचं नाव काय?"

"मला माहीत आहे."

"तेच विचारतेय. सांगा."

"मला माहीत आहे, एवढंच सांगायला आले."

मोठ्या बाई खुर्चीत बसलेल्या, आणि ह्या त्यांच्या टेबलासमोर येरझाऱ्या घालतायत. शेवटी मोठ्या बाईंनाच घेरी आली असावी. "जा," म्हणाल्या.

स्वतःबद्दल बाई काही बोलत नसत. जे कळलं ते त्यांच्या आईकडून. मॅट्रिकच्या वर्षी बाई रविवारी कुंदाला आणि मला घरी बोलवू लागल्या. आमचं व्याकरण बघून त्यांना झोप येत नसावी. महालात एका माडीवर त्यांची एकच खोली. आई म्हातारी, हसरी, आमच्या हातावर मुरमुऱ्याचा चिवडा ठेवून गुपितं सांगणारी. घर छप्पन साली दीक्षा घेतलेलं, वडील गिरणीत होते, ते वारले. मग मायलेकी खोल्या शोधत फिरल्या. "आडनाव सांगतलं का खोली कालच गेलेली राहे," आजी म्हणायच्या. "एकानं तं चाबी हातात देऊन परत मांगतली." ही खोली मिळाली तेव्हा दोघींनी तिला स्वतः चुना दिला. उजेड भरपूर, नळ खालीच, म्हातारीला लांब जावं लागत नसे. घरमालक अण्णाजींच्या अटी होत्या: पाहुणे नकोत, गडबड नको, बभ्रा नको. त्या खोलीत मात्र मी बाईंना बसलेलं पाहिलं. खिडकीखाली चटईवर, पाय पसरून, हात मोकळे. वर्गातल्या बाईंची जणू दुसरीच कोणी बहीण.

आता कुंदा. माझ्या बाकावरची. अभ्यासात हुशार आणि व्यवहारात माझ्याइतकीच बिनडोक, म्हणून तर जमत होतं. तिचे बाबा जमदग्नी. मोठी बहीण रस्त्यात एका मुलाशी बोलताना दिसली, तर दुसऱ्या दिवशी तिची शाळा बंद आणि त्याच उन्हाळ्यात लग्न. कुंदाला शिक्षिका व्हायचं होतं. मॅट्रिकपर्यंत बाबांच्या नजरेत काही येऊ नये, एवढ्यावर तिचं सगळं आयुष्य टांगलेलं.

अशा मुलीनं काय करावं? सिनेमाच्या एका मासिकात पत्रमैत्रीचं पान असे. नाव, वय, छंद, पत्ता छापायचे, आणि मग देशभरातून पत्रं यायची म्हणे. आम्ही दोघींनी कूपन भरून पाठवलं. मी छंद लिहिले होते: वाचन, चिंतन, घोडेस्वारी. घोडा मी टांग्याला जुंपलेला पाहिला होता, तेवढ्यावर. पत्ता घरचा, हिरव्या दारासकट. म्हणजे ठेल्याच्या परीक्षेतून मी किती शिकले होते ते बघा. सुदैवानं मासिकवाल्यांना माझ्यात काही दिसलं नाही. माझं नाव छापलंच नाही आणि मी दोन वेळा जेवले नाही. मधल्या वेळी खाल्लं.

कुंदाचं छापून आलं. 'कु. चांदणी, वय सोळा, छंद नृत्य व निसर्ग.' आणि खाली: द्वारा मेश्राम, महाल, घराच्या खुणेसकट बाईंचा पत्ता.

"अवो माय! बाईचा पत्ता काहून दिला वं?" मी विचारलं.

"मंग कोणाचा देऊ? बाई म्हणतात ना, आपला पत्ता देऊ नका," कुंदा शांतपणे म्हणाली. "आपला नाही दिला. बाईचं घर सगळ्यात सेफ आहे."

मला ते पटलं. खरंच सांगते, तेव्हा मला त्यात काही चूक दिसलीच नाही. उलट तिच्या डोक्याचा हेवा वाटला.

पत्रं येऊ लागली. आधी एखादं, मग गठ्ठ्यानं. पोस्टमन खालच्या चौकातून ओरडे, "चांदणी, द्वारा मेश्राम!" आजी म्हणत, "अशी कोणी इथं राहत नाही बाप्पा." अण्णाजी ओसरीवर बसून पाकिटांवरची गावं वाचत: भोपाळ, इटारसी, रायपूर. सगळी बाप्यांची हस्ताक्षरं. आम्हाला यातलं तेव्हा काही ठाऊक नव्हतं. बाई वर्गात नेहमीपेक्षा भरभर चालत होत्या, खिडकीशी जास्त वेळ थांबत होत्या, आणि एकदा माझं नाव घ्यायचं तर त्यांनी फळ्याकडे बघून घेतलं. कुंदा मला विचारी, "एकही पत्र आलं नसन काय वं?" बाईंना विचारायची तर सोय नव्हती.

मग एका रविवारी आम्ही माडीवर समास सोडवत होतो आणि खालून आवाज आला, "चांदनीजी यहीं रहती हैं?"

कठड्यावरून बघितलं तर चौकात एक गृहस्थ. टेरिलिनचा शर्ट, केसांना तेल, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. इटारसीहून रात्रीच्या गाडीनं आलेला. ओसरीवरून अण्णाजी उठले. आजूबाजूच्या खोल्यांची दारं उघडली. कुंदाच्या तोंडाचा रंग उडाला. तिनं माझा हात एवढ्या जोरात धरला की बांगडी पिचली.

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत तिच्याकडे. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. जिना उतरून त्या चौकात गेल्या.

"मीच चांदणी," म्हणाल्या.

गृहस्थानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. जाड भिंगं, पुरुषी चपला, अर्धे पिकलेले केस. "आप? उसमें तो उमर सोलह लिखी थी।"

"छापनेवालों की गलती है।"

"और शौक में... नृत्य?"

"वो सही है," बाई म्हणाल्या.

कुठेही, कधीही एवढं हसू दाबावं लागलेलं मला आठवत नाही, आणि एवढी भीतीही वाटलेली आठवत नाही. गृहस्थ बिचारा भला होता. पेढे द्यावेत की न्यावेत हे त्याला ठरवता येईना. शेवटी ओसरीच्या कडेवर पुडा ठेवून, नमस्कार करून, मागे न बघता गेला.

"मेश्रामबाई," अण्णाजी म्हणाले, "ह्या वयात? मास्तरीण असून?"

"हो."

"मला वाटलं, शाळेतल्या एखाद्या पोरीचा चावटपणा असेल. असेल तर नाव सांगा. मी तिच्या बापाला भेटतो आणि विषय संपवतो. खोलीचं काही बोलत नाही."

वर माझ्या शेजारी कुंदा कठड्याआड खाली बसली. तिचे बाबा आणि अण्णाजी रोज एका भजनात बसत.

बाईंची नजर वर गेली. आमच्याकडे नाही, खोलीच्या चुना दिलेल्या खिडकीकडे. मग म्हणाल्या, "माझीच पत्रं आहेत. मी टोपणनावानं लिहिते."

"मग हा महिना संपला की खोली रिकामी करा."

वर आल्या, दार लोटलं, आणि कुंदाचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं. देवमाणूस वगैरे काही नव्हत्या त्या. "माझा पत्ता होता तो! माझा! तुले कोणी दिला होता वाटायले? ह्या खोलीसाठी माह्या मायनं किती जिने चढले, माहीत आहे तुले?"

"मी सांगते खाली जाऊन," कुंदा हुंदके देत म्हणाली. "आताच सांगते, बाई."

"सांगशील. आन् मंग?"

"बाबा शाळेतून काढतील."

"मंग बस तिथं." बाई खोलीत फेऱ्या मारू लागल्या. खोली एवढीशी, तीन पावलांत भिंत. आजी स्टोव्हपाशी बसून होत्या. मी काहीतरी मोठं बोलावं म्हणून म्हटलं, "बाई, मी आमच्या घरी विचारू का? आमच्याकडे वरची खोली..." आणि वाक्य तिथंच मेलं, कारण आमच्या घरचं उत्तर मला माहीत होतं आणि बाईंनाही. त्यांनी माझ्या डोक्यावर एक टपली मारली. बऱ्यापैकी लागली.

"समास कुठपर्यंत झाले?" त्यांनी विचारलं.

आणि आम्ही दोघींनी रडत रडत उरलेले समास सोडवले. कुंदाचे सगळे बरोबर आले.

परीक्षा झाली. कुंदा बसली, सगळे पेपर दिले. तिच्या बाबांना चांदणीची गोष्ट कळली, पण मेश्रामबाईंची म्हणून. भजनानंतर घरी येऊन ते कुंदालाच म्हणाले की अशा बाईच्या घरी जाणं आता बंद. तिनं मान हलवली. त्या रात्री ती काय जेवली असेल मला माहीत नाही.

एप्रिलअखेर, ऊन असं की चपलेतून तळवा भाजावा. कुंदा घरी माझं नाव सांगून निघाली आणि आम्ही दोघी महालात गेलो. सामान सायकल रिक्षात चढत होतं: एक ट्रंक, गादीची वळकटी, पुस्तकांची पोती. आजी आधीच बसल्या होत्या, मांडीवर स्टोव्ह, पदरानं वारा घेत. ओसरीवर अण्णाजी वर्तमानपत्रात डोकं खुपसून. बाई रिक्षाभोवती फिरत दोरी आवळत होत्या. एक गाठ मारायच्या, दुसऱ्या बाजूला जायच्या, परत येऊन तीच गाठ सोडायच्या.

कुठं चालल्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेतून बदली मागितल्याचं कळलं होतं. जरीपटक्याकडे म्हणे, कुणी म्हणे कामठीकडे. कुंदा भिंतीला टेकून उभी. विचारायचं तिला तोंड नव्हतं. मला होतं, मला ते नेहमीच असतं. "बाई, नवा पत्ता?"

बाईंनी मला बाजूला सारलं. "तुझ्या पोटात काही राहत नाही वं." मग कुंदापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तिची हनुवटी वर केली, वाकल्या, आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाल्या. बराच वेळ. मी मान लांब करून पाहिली, पण रिक्षावाल्यानं नेमकी तेव्हाच घंटी वाजवली.

त्यानंतर मी बाईंना पाहिलं नाही. कुंदा शिक्षिका झाली, निवृत्तही झाली. ती अधूनमधून बाईंकडे जात असे, एवढं मला कळलं आहे. पत्ता मी लग्नात विचारला, बारशात विचारला, परवा दवाखान्याच्या रांगेत विचारला. ती दुसरंच काहीतरी बोलायला लागते.

रिक्षा निघाली तेव्हा बाई आईशेजारी बसल्या होत्या, एक हात ट्रंकेवर, एक हात स्टोव्हवर. मागे वळून बघितलं नाही. भांड्यांच्या दुकानांपुढून रिक्षा गेली, उन्हात पत्र्यांची चमक डोळ्यांवर आली, आणि वळण आलं. मी कुंदाकडे पाहिलं. ती भर रस्त्यात उभी होती, डोळे घट्ट मिटून, आणि तिचे ओठ हलत होते. पुन्हा पुन्हा, आवाज न करता, ती पत्ता पाठ करत होती.